‘वालचंदशेठचं विमान’ : एका प्रश्नचिन्हाचा वाद

छांदिष्ट : मालक, फोटोच्या पाठीमागं पेन्सिलीनं ‘वालचंदशेठचं विमान’ असं लिहिलंय. ते थोडा वेळ विसरा आणि नुसतं यंत्र बघा. एकाच बैठकीचं लढाऊ विमान. पंख धडाच्या तळाशी, नाकावर गोल रेडियल इंजिन, पुढं तीन पात्यांचा पंखा. विमान ओळखायला शिकवताना महायुद्धात एक क्रम घोकून घेत असत : आधी पंख, मग इंजिन, मग धड, शेवटी शेपूट. त्या क्रमानं जाऊ. दोन बैठकांचं लांब काचघर नाही, म्हणजे हार्वर्ड बाद. पंख्याला चार पाती नाहीत आणि धड एवढं दांडगं नाही, म्हणजे टेम्पेस्ट बाद. पंख अर्धलंबगोल नाहीत, म्हणजे सेव्हर्स्की बाद. आता पंखाच्या पुढच्या कडेखाली बघा, चाकांच्या पायांशी दोन फुगवटे आहेत. या विमानाची चाकं आत किंवा बाहेर मिटत नाहीत. ती मागं जातात आणि जाताना नव्वद अंशांत वळून पंखात सपाट पडतात. त्या वळणाच्या यंत्रणेवरचं झाकण म्हणजे हे फुगवटे. कर्टिस कंपनीचं हॉक ७५. त्यातही इंजिनावरचं काउलिंग आखूड आणि रुंद आहे, वर बंदुकींचे उंचवटे नाहीत. म्हणजे आत चौदा सिलिंडरचं ट्विन वास्प नसून नऊ सिलिंडरचं राइट सायक्लोन आहे. आणि सायक्लोनवालं हॉक ७५ कुठं जोडलं जात होतं? बंगळुरात, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद कुठले? सोलापूरचे. मागची ओळ खोटी म्हणायला जागाच राहत नाही.

साशंक : शेवटच्या तीन वाक्यांपर्यंत मी तुमच्याबरोबर होतो. चाकं, काउलिंग, पाती सगळं कबूल. विमान हॉक ७५ आहे, मी वाद घालत नाही. पण तिथून तुम्ही बंगळुरात आणि बंगळुरातून सोलापुरात कधी पोचलात ते मला कळलंच नाही. हॉक ७५ फ्रान्सनं घेतली, चीननं घेतली, डचांनी जावा-सुमात्रासाठी घेतली. जर्मनांनी फ्रान्स-नॉर्वेत हाती लागलेली फिनलंडला विकली. इंग्रजांकडं ती ‘मोहॉक’ नावानं आली आणि बरीचशी नेमकी भारतातच वापरली गेली. १९४२ पासून १९४४ च्या सुरुवातीपर्यंत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रॉयल एअर फोर्सच्या ५ आणि १५५ क्रमांकाच्या तुकड्या मोहॉक उडवत होत्या. ही मोहॉक इथं एका वाटेनं आली नाहीत. बरीचशी फ्रान्सनं मागवलेली, फ्रान्स पडल्यावर इंग्रजांकडं वळलेली. काही इराणनं घेतलेली. १९४१ मध्ये इंग्रज इराणात शिरले तेव्हा ती खोक्यांतच सापडली, तशीच इकडं पाठवली. आणि मोजकी तुमच्या बंगळूरची. तिन्ही वाटांच्या विमानांना सायक्लोनच, चाकं तशीच, फुगवटे तेच. चादर सोलापुरी आहे हे विणीवरून सांगाल, पण ती कुठल्या मागावरून उतरली ते विणीत कसं दिसेल? या फोटोत तुम्हाला ज्या गोष्टीचा अभिमान वाटतोय तीच गोष्ट आकारात दिसत नाही. बफेलोत बनलेलं आणि बंगळुरात जोडलेलं विमान शेजारी उभं केलं तरी फोटोवरून कुणीही वेगळं काढू शकणार नाही.

छांदिष्ट : हे मान्य. पण तुम्ही ज्या सहजतेनं ‘मोजकी’ म्हणालात त्या मोजक्यांचा इतिहास आपल्या गावाला किती ठाऊक आहे ते बघा. वालचंदांचा जन्म १८८२ चा, सोलापुरातला. इथं त्यांच्या नावाची महाविद्यालयं आहेत, तिकडं इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर, जहाजं, पुढं प्रीमियरची मोटार हे सगळं लोक सांगतात. विमान मात्र एका वाक्यात उरकतात. चिनी सरकारला विमानं पुरवणारा विल्यम पॉली नावाचा अमेरिकन होता, त्याची आणि वालचंदांची एका विमानप्रवासात गाठ पडली. पॉलीचा कारखाना चीनच्या युन्नान प्रांतात, ब्रह्मदेशाच्या हद्दीला लागून, लोइविंगला. तिथं हॉक ७५ जुळवायची तयारी होती. ऑक्टोबर १९४० मध्ये जपान्यांनी लोइविंगवर बॉम्ब टाकले. २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. म्हैसूर संस्थाननं जागा आणि पैसा दिला. ऑगस्ट १९४१ मध्ये पहिलं हार्लो शिकाऊ विमान उडालं, जुलै १९४२ मध्ये पहिलं हॉक. मधल्या काळात जपान रंगूनपर्यंत आला, सरकारनं वालचंदांचे शेअर घेऊन टाकले, आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी सैन्याच्या हाती दुरुस्तीसाठी गेला. म्हणजे वालचंदांच्या हातात तो जेमतेम दीड वर्षच होता. एवढ्या थोड्या दिवसांत जी विमानं झाली त्यांचे फोटो कुणी ओळखले नाहीत तर त्यांच्याखाली ‘अमेरिकन विमान’ एवढंच छापलं जाईल. छापलं जातंही.

आणि दुर्मिळपणाबद्दल एक सांगतो, ते तुमच्या विरुद्ध जातं. विमान जितकं दुर्मिळ तितक्या शक्यता कमी. हार्लोचंच घ्या. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना ज्युनियर कॉलेजात मॅक्स हार्लो नावाचे शिक्षक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक धातूचं विमान बनवलं, त्याचं पुढचं भावंड म्हणजे बंगळुरात जोडलेलं पीसी-५. जगात ती किती असणार? उद्या एखाद्या जुन्या अल्बमात भारतीय मेकॅनिकांच्या घोळक्यात पीसी-५ दिसलं, तर जागा विचारायची गरजच काय? तिथं नाव कळलं की गाव कळतं.

साशंक : हार्लोबाबत मान्य. पण तुमच्या हातातला फोटो हार्लोचा नाही. आणि दुर्मिळपणाला दुसरी बाजूही आहे. दुर्मिळ गोष्ट सापडावी असं मनात असलं की ती सापडते. यावर युरोपातली एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या छंदातल्या लोकांनी फ्रेम करून भिंतीवर लावायला हवी.

जर्मनीच्या हाइन्केल कंपनीनं हाइन्केल १०० नावाचं वेगवान लढाऊ विमान बनवलं. हवाई दलानं ते घेतलं नाही, मेसरश्मिटवरच भर ठेवला. उरलेली डझनभर विमानं कारखान्याच्या रखवालीला राहिली. मग १९४० मध्ये प्रचारखात्यानं एक डाव केला. त्याच विमानांवर वेगवेगळ्या तुकड्यांच्या खोट्या खुणा रंगवल्या, त्यांना रांगेत उभं केलं, आज एक खूण आणि उद्या दुसरी, असे फोटो काढून वर्तमानपत्रांत दिले. खाली नाव ‘हाइन्केल ११३’, नवं विमान, आघाडीवर दाखल. ते फोटो इंग्लंडच्या ओळखपुस्तकांत गेले. त्यानंतर इंग्रज वैमानिक आकाशातून उतरून सांगू लागले की आज आम्हाला हाइन्केल ११३ भेटली, आम्ही पाडलीसुद्धा. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये असलं एकही विमान नव्हतं. पाडली गेली ती मेसरश्मिट १०९. हे लोक खोटारडे नव्हते. जिवावर उदार होऊन लढणारी तरणी मुलं होती ती. पण फोटो आधी बघितला होता, नाव आधी शिकवलं होतं, आणि आकाशात वेळ असतो काही सेकंदांचा. पॅसिफिकमध्ये अमेरिकनांनीही तेच केलं. जपानी म्हणून जी विमानं दिसतील त्यांना त्यांनी माणसांची नावं दिली. त्यांत मेसरश्मिट १०९ लाही एक नाव होतं, ‘माइक’. जपाननं ती चाचणीपुरती आणली होती, युद्धात कधी उतरवली नाहीत.

आपल्याकडं तर फोटोही लागत नाही. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं हे कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. त्या उड्डाणाचं एक चित्र दाखवा म्हटलं की वैमानिक शास्त्राच्या पोथीतल्या आकृत्या पुढं करतात. त्या पोथीतली यंत्रं उडूच शकत नाहीत, आणि पोथीही विसाव्या शतकातलीच, हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच सप्रमाण मांडलं. काही फरक पडला का? गाव, जात, देश यांचा अभिमान विमानाला जोडला गेला की त्यापुढं चाकांचे फुगवटे कोण बघतो!

छांदिष्ट : तळपद्यांना माझ्या माथी मारू नका. मी फुगवटेच बघणारा माणूस आहे, आणि तळपद्यांच्या गोष्टीत फुगवटे नाहीत ही माझीही तक्रार आहे. हाइन्केलची गोष्ट मात्र तुम्ही अर्धवट सांगितलीत. त्या फोटोंत खोटं काय होतं? विमान खरं होतं. नाव खोटं होतं, खुणा खोट्या होत्या, म्हणजे बाहेरून चिकटवलेलं सगळं खोटं होतं. आकारानं कुणाला फसवलं नाही. आज आपल्याला हे नाटक कळतं ते कशामुळं? ते हाइन्केल १०० च आहे हे कुणीतरी फोटोवरून ओळखलं, तेच विमान वेगवेगळ्या खुणांनी पुन्हा पुन्हा दिसतंय हे पकडलं, त्यामुळंही ना? म्हणजे तुमचा दृष्टान्त माझ्या बाजूनं साक्ष देतोय. ओळख म्हणजे ‘हे अमुक आहे’ एवढंच नव्हे. ‘हे अमुक असूच शकत नाही’ हे सांगणं हाच तिचा मुख्य धंदा.

आपल्याच गावाचं घ्या. सप्टेंबर १९४८. मेजर जनरल चौधरींचं सैन्य सोलापुरातून निघालं, १३ तारखेला नळदुर्ग घेतला, पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. हवाई दलाची टेम्पेस्ट पुण्याहून मदतीला येत होती. या भागातल्या किती घरांत ‘पोलीस ॲक्शनचं विमान’ म्हणून एखादा फोटो असेल! असा फोटो समोर आला तर मी काय बघणार? टेम्पेस्ट मार्क दोन असेल तर नाकावर भलं मोठं सेंटॉरस इंजिन, चार पाती, शेपटीच्या मुळाशी पुढं पसरत आलेला पडदा. अंगावर ‘एचए’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक, कारण आपल्या टेम्पेस्टांना तीच अक्षरं होती. लिबरेटर बॉम्बफेक्यांना ‘एचई’. आणि खूण अशोकचक्राची हवी. केशरी-पांढरा-हिरवा गोल प्रजासत्ताकाच्या सुमारास आला. तिरंगी गोल दिसला तर फोटो १९४८ चा नाही, आजोबांनी शपथेवर सांगितलं तरी नाही. आणि नाक रेडियल नसून लांब टोकदार आणि पंख लंबगोल असतील तर ते टेम्पेस्टच नव्हे, स्पिटफायर आहे. यात अभिमान कुठं आला? हे तर अभिमानाचं तोंड बंद करणारं काम आहे.

आणि कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथचं काय? हवेतून काढलेल्या फोटोंवरून शत्रूची विमानं ओळखणाऱ्या इंग्रजी पथकातली ही बाई. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये काढलेल्या जर्मनीतल्या पीनेमुंडेच्या फोटोत, एका तिरक्या रुळांच्या चौकटीवर, तिनं मिलिमीटरभराची क्रूसासारखी आकृती हेरली. तो व्ही-१ उडता बॉम्ब होता. पुढं लंडनवर तेच पडले. मिलिमीटरभर काळ्या ठिपक्यावरून हे ओळखता येत असेल, तर तुमच्या हातात आज सहा इंची फोटो आहे.

साशंक : त्या बाईंची गोष्ट मलाही आवडते, पण तिचं आधीचं-नंतरचंही सांगायला हवं. त्यांना सांगून ठेवलं होतं की बिनवैमानिकाचं फार लहान विमान शोधा. जमिनीवरच्या हेरांकडून बातम्या येत होत्या, फ्रान्सच्या किनाऱ्यावर विचित्र उतारांची बांधकामं दिसली होती, त्यांची तोंडं लंडनकडं होती. इतक्या बाजूंनी माहिती जुळत आली तेव्हा त्या ठिपक्याला अर्थ आला. ठिपका एकटा काही बोलला नाही. माझं म्हणणं याहून वेगळं काही नाही.

खुणांवरचा तुमचा भरवसाही मला जरा जास्त वाटतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर लाल काळा होई, केशरी-पिवळा गडद होई, निळा फिकट पडे. पुढच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हिशेब उलटतो. कुठल्या फिल्मवर काढला ते माहीत नसताना गोलातला गडद पट्टा लाल की निळा हे तुम्ही कशावरून सांगणार? त्यात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर इंग्रजांनी आपल्या गोलातला लाल रंगच काढून टाकला, जपानी लाल सूर्याशी गोंधळ होऊन आपल्याच विमानांवर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून. सेन्सॉरवाले तर निगेटिव्हवरून क्रमांकच खरवडून टाकायचे. आणि लिबरेटरचं विचाराल, तर आज ब्रिटन, अमेरिका, कॅनडातल्या संग्रहांत जी आहेत त्यांतली कित्येक भारतीय हवाई दलातून गेलेली आहेत. इंग्रजांनी कानपूरला टाकून दिलेली विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उडती केली आणि हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. त्यातलं एक अमेरिकेत अमेरिकन रंगात, नाकावर ‘विचक्राफ्ट’ नाव मिरवत फिरलं. त्याचा फोटो बघून कुणाला वाटेल की या विमानाची वीस वर्षं भारतात गेली? आकार खरा, रंग खोटा, आणि चरित्र तर सगळं झाकलेलं.

छांदिष्ट : निगेटिव्ह उलटी छापली असेल हे सांगायचं राहिलं तुमचं, ते मीच सांगतो. अक्षरं दिसत नसतील तर ओळखायचं कसं? पहिल्या स्पिटफायरांच्या पंखाखाली एका बाजूला रुंद रेडिएटर, दुसऱ्या बाजूला बारका ऑइल कूलर. बारका डाव्या पंखाखाली हवा. कॉकपिटचं लहान दार डाव्या अंगाला हवं. दोन्ही उजवीकडं दिसले की छापणाऱ्यानं काच उलटी धरली. माझ्या छंदाला सवयच ही आहे की फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. तुम्हाला वाटतं मी भाबडा आहे. पण मला सांगा, या फोटोवर काय दिसलं असतं तर तुमचं समाधान झालं असतं?

साशंक : पहिलं म्हणजे क्रमांक. क्रमांक असता तर कुठल्या खेपेतलं विमान ते लागलं असतं. तो नाही. धडाचा तेवढा भाग विमानापुढं उभ्या असलेल्या माणसानं झाकलाय; त्याला तिथंच उभं राहायचं होतं, काय करणार! दुसरं, पार्श्वभूमी. होटगी रोडच्या विमानतळावरच्या फोटोत मागं सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी दिसली तर तो जून २०२३ च्या आधीचा, हे आज सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल, कारण त्या महिन्यात ती पाडली. तशी एखादी शेड, एखादा मनोरा, एखादं झाड या फोटोत असतं तर बंगळूरच्या कारखान्याच्या ज्या चित्रांची जागा पक्की आहे त्यांच्याशी ताडून बघता आलं असतं. इथं मागं नुसतं आभाळ आहे आणि एक धूसर रेघ. तिसरं, फोटोचा कागद, त्याचा आकार, कडा, स्टुडिओचा शिक्का. चौथं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की फोटो कुठल्या घरातून आला, त्या घरातलं कुणी बंगळूरला कामाला होतं का, एखादं पगारपत्रक, एखादा पास, एखादं पत्र. मागची ओळ नातवानं लिहिली की तिथं काम केलेल्या माणसानं स्वतः? पेन्सिलीला तारीख नसते. लढाईनंतर चाळीस वर्षांनी, वालचंदांच्या नावाच्या महाविद्यालयाजवळून रोज जाता-येता, कुणाच्या मनात हे नातं जुळलं असेल. आता तर संगणकाला सांगितलं की हवं ते विमान हव्या त्या धावपट्टीवर, पिवळट कागदासकट, बनवून मिळतं. फुगवटेही बरोबर येतील हळूहळू. तेव्हा आकाराची साक्ष आधीच दुबळी होती, ती पुढं आणखी दुबळी होणार.

आणि एक गंमत सांगतो. १९४८ मध्ये निजामाला कराचीहून रात्री शस्त्रं आणून देणारा सिडनी कॉटन, लँकेस्टर बॉम्बफेक्यावरून केलेली लँकास्ट्रियन मालविमानं उडवत असे. हाच माणूस १९३९ मध्ये साध्या दिसणाऱ्या लॉकहीड विमानाच्या पोटात कॅमेरे लपवून जर्मनीवरून फोटो काढत फिरला होता. तुमच्या बॅबिंग्टन स्मिथ ज्या विद्येत नावाजल्या तिच्या इंग्रजांकडच्या महायुद्धातल्या सुरुवातीत याचा मोठा हात होता. विमानाचा आकार सगळं सांगत नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळलं होतं? त्यानं आयुष्यभर त्याचाच फायदा घेतला.

छांदिष्ट : कॉटनची गोष्ट चांगली आहे, पण तीही माझ्याकडंच येते. लँकास्ट्रियनच्या नाकावरचा आणि शेपटीवरचा तोफांचा मनोरा काढून तिथं धातूचं टोक बसवलेलं असतं. ज्याला हे माहीत आहे तो ‘बॉम्बफेकी विमानं निजामाकडं आली’ ही अफवा फोटो बघून मोडू शकतो. ज्याला माहीत नाही तो नुसता घाबरतो.

तुमची चौथी मागणी मला सगळ्यात पटते आणि तीच मला सगळ्यात चिडवते. पास कुठून आणू? पगारपत्रक कुठून आणू? आपल्याकडं माणूस गेला की तेराव्यानंतर ट्रंक आवरतात. कागद बंबात जातात, फोटोतले चेहऱ्यांचे ठेवतात, यंत्रांचे टाकतात. तुम्ही पूर्ण पुराव्याची वाट बघाल तोवर फोटोच उरणार नाही. मी आज त्याला ‘हॉक ७५’ म्हटलं म्हणून तो जपला तरी जातोय. पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात मारुत विमान उभं केलंय. जर्मन रचनाकार कुर्ट टँकच्या हाताखाली भारतात घडलेलं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं; शिकाऊ धरून जेमतेम दीडशे झाली. पोरं त्याच्यापुढं फोटो काढतात आणि खाली ‘मिग’ लिहितात. तुमचं तत्त्व लावलं तर मी तेही दुरुस्त करायला नको, कारण त्या एका विमानाचं चरित्र माझ्याकडं नाही. पण मारुतला दोन इंजिनं आहेत, धडाच्या दोन्ही बाजूंना हवेची तोंडं आहेत, मिग-२१ चं एकच तोंड, ते नाकात. एवढं सांगणं सोडून देऊ?

आणि मिगचंही तेच व्हायचंय. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. लाखो फोटो निघाले, सगळ्यांखाली एकच नाव. पुढं वळून अखंड उघडणारी काच असेल तर टाइप ७७, बाजूला उघडणारी असेल तर टाइप ९६ किंवा बिस, आणि बिसची पाठ आणखी फुगीर. साठ वर्षांच्या नोकरीतली ही वेगवेगळी माणसं आहेत, एक माणूस नव्हे.

साशंक : आणि त्यातलं कुठलं रशियातून आलं आणि कुठलं आपल्या ओझरच्या कारखान्यात जुळलं, हे काच उघडण्यावरून सांगा बरं.

छांदिष्ट : नाही सांगता येत.

साशंक : तेच बंगळूरचं हॉक. ऐंशी वर्षं झाली, प्रश्न जागचा हलला नाही. यंत्र कुठल्या जातीचं ते डोळ्यांना दिसतं, कुणाच्या हातांनी जुळलं ते दिसत नाही. आणि आपल्यासारख्या देशात, जिथं नकाशे बाहेरचे आणि जुळणी इथली, तिथं अभिमानाची गोष्ट नेमकी जुळणीतच असते. म्हणून आपल्याला सगळ्यात जास्त हवं असलेलं उत्तर फोटो देत नाही. हा दोष तुमच्या विद्येचा नाही, तिच्याकडून मागितल्या जाणाऱ्या गोष्टीचा आहे.

छांदिष्ट : हे तुम्ही आता नीट बोललात. मग मी उलट विचारतो. विद्या जातीपर्यंतच नेते हे मान्य केलं, तर पुढचं अंतर कापायला माणूस लागतो. एखाद्या म्हाताऱ्या मेकॅनिकाच्या मुलीला हा फोटो दाखवायचा असेल तर खाली काहीतरी लिहायला नको? ‘अज्ञात विमान’ लिहिलं तर ती पान उलटेल. ‘हॉक ७५, बंगळूर?’ लिहिलं तर म्हणेल, अहो, आमचे वडील त्या कारखान्यात होते. अंदाज छापला नाही तर पुरावा यायचा कुठून?

साशंक : आणि तिनं तसं म्हटलं ते वडील होते म्हणून, की तुम्ही बंगळूर लिहिलं म्हणून? हाइन्केल पाडणारी मुलं विसरलात. शिवाय प्रश्नचिन्ह टिकत नाही. तुम्ही लावाल, दुसरा फोटो पुढं पाठवताना गाळेल, तिसरा शाळेच्या हस्तलिखितात ‘सोलापूरच्या सुपुत्रानं बनवलेलं विमान’ लिहील, आणि चौथा ते वाचून माझ्याशी भांडायला येईल. मी मथळ्यात बंगळूर येऊ देणार नाही. ‘कर्टिस हॉक ७५, सायक्लोन इंजिन, जागा आणि साल अनिश्चित, मागं पेन्सिलीनं अमुक मजकूर, हस्ताक्षर अज्ञात.’ इतकं.

छांदिष्ट : मागचा मजकूर जसाच्या तसा द्यायचा?

साशंक : जसाच्या तसा. तो पुरावा आहे, विमानाचा नसेल, त्या घराच्या आठवणीचा तरी आहे.

छांदिष्ट : मग त्याच मजकुरात वालचंद आले. वाचणारा बंगळूर स्वतःच जोडेल. तुम्ही प्रश्नचिन्ह काढून घेतलंत आणि नाव ठेवलंत, म्हणजे माझ्यापेक्षा तुमचाच मथळा जास्त धोक्याचा झाला.

साशंक : असेल. पण त्यात माझं बोट कुठं नाही.

छांदिष्ट : माझं आहे, आणि ते मी काढणार नाही. दोन्ही मथळे छापू, तुमचा आणि माझा, एकाखाली एक. आणि खाली सोलापूरकरांना एक विनंती घालू, तिथं तरी आपलं जमेल. चाळीसच्या दशकात घरातलं कुणी बंगळूरला विमानाच्या कारखान्यात कामाला गेलं असेल तर त्या ट्रंकेतले यंत्रांचे फोटो टाकू नका. मोबाइलनं काढताना कडा कापू नका, मागची बाजूही काढा, अल्बममधून सोलून काढण्याआधी त्या पानावरचा आधीचा आणि नंतरचा फोटोही काढून ठेवा. फोटोवर नवीन काही लिहू नका. लिहायचंच असेल तर वेगळ्या कागदावर लिहा, आणि त्या कागदावर स्वतःचं नाव आणि आजची तारीख घाला.

साशंक : तारीख आधी घाला.